‘वाफसा’ म्हणजे वाफ नव्हे

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमात सातवीत शिकतो. मराठी गोष्ट वाचताना शब्द अडला, तर संदर्भावरून अर्थ लावावा, असे त्याच्या बाईंनी सांगितले आहे. परवा ‘वाफसा’ हा शब्द आला. त्याने ‘वाफ’ असा अर्थ लावून पान उलटले. त्याला असे अंदाज करू द्यावेत, की आधीच शब्दकोश हाती द्यावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अंदाज जरूर करू द्यावा; परंतु आपल्या मुलाने अंदाज बांधला तो शब्दाच्या तोंडवळ्यावरून, संदर्भावरून नव्हे. ‘पाऊस उघडला, पण वाफसा आल्याशिवाय तिफण धरता येणार नाही’ हे वाक्य त्याच्यापुढे ठेवा. पाऊस थांबूनही पेरणी अडली आहे, म्हणजे जमिनीत अजून काही व्हायचे आहे, एवढेच त्यातून कळते. ‘मुरमाड रानाला दोन दिवसांत वाफसा आला, काळ्या रानात मात्र अजून पाय रुततो’ या दुसऱ्या वाक्याने चिखलाशी असलेला संबंध लागतो; आणि ‘वाफसा गेला, आता नुसती ढेकळे निघतील’ हे तिसरे वाक्य वाचल्यावर चिखल आणि कोरडेपणा यांच्या मधली, पेरणीजोगी ओल, हा अर्थ तो स्वतःच सांगेल. शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो. तिचा गोळा वळला आणि बोट लावताच फुटला, की वाफसा आला. शक्य असेल तर हे त्याला एखाद्या शेतात करून पाहू द्या. कोश उघडायचा तो यानंतर, कारण आता त्यातील त्रोटक ओळ त्याला ओळखीची वाटेल.

कोश टाळून मात्र चालणार नाही. ‘माझ्या अपरोक्ष त्यांनी व्यवहार केला’ अशी वाक्ये ऐकत आपण ‘अपरोक्ष’चा अर्थ ‘पाठीमागे’ असा धरून बसलो. संस्कृतात ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांआड आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे त्याच्या नेमके उलट, समक्ष. वेदान्तातले अपरोक्ष ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाचे ज्ञान. वरच्या वाक्यात दोन्ही अर्थ सारखेच बसतात, त्यामुळे संदर्भ तिथे काहीच निवाडा करू शकत नाही. अशा वेळी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती पाहावी. मुलगा इंग्रजी माध्यमातला असल्याने मोल्सवर्थमधले इंग्रजी अर्थ त्याला सोयीचे पडतील. आणि शब्दांची वही घातली असेल, तर तिच्यात शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आधी उतरवून घ्यायला सांगा. अर्थ त्याखाली, कोश पाहून झाल्यावर.