शिवणकाम येत नाही, तरी नेपाळमध्ये गरजू महिलांना रोजगार मिळवून देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून उपयोग होईल का?

होईल की! शिवणकाम शिकवायला तर जाऊच नका, त्यात तिथल्या बायका आपल्याला विकून खातील. १९८४ साली सुरू झालेल्या असोसिएशन फॉर क्राफ्ट प्रोड्युसर्स या कारागिरांसाठीच्या संस्थेचं ललितपूरच्या कुपंडोलमधलं ‘धुकुटी’ दुकान बघा, म्हणजे पटेल. घोडं अडतं ते पुढे: कापड, मजुरी, वाया गेलेला तुकडा धरून पिशवीची किंमत काढणं, परदेशी गिऱ्हाइकाला ईमेल पाठवणं. एक्सेल येतं ना? मग तिथल्याच एखाद्या बाईला त्यात तयार करा, स्वतः करून देऊ नका. पंधरा दिवसांत काही होत नाही. कुणाची पूर्वकथा खोदून विचारू नका, चेहऱ्यांचे फोटो तर नकोच. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. आणि लाखभर ‘शुल्क’ मागणाऱ्या एजन्सीला लांबूनच नमस्कार, संस्थेला थेट लिहा.