एन्लार्जर नंतर, आधी थर्मामीटर

प्रश्न : आजोबांच्या कपाटात अगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यानं काढलेल्या निगेटिव्हचं पाकीट सापडलं. गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज, आमचं मागाचं जुनं घर असं बरंच काही दिसतंय. स्कॅन करून मिळेल हे माहीत आहे, पण मला घरीच कागदावर प्रिंट काढायच्या आहेत. ओळखीतलं एकजण जुना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, विकतोय. घेऊ का? रिकामी खोली नाही, न्हाणीघर तेवढं आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं.
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : नका घेऊ. निदान आत्ता तरी नका घेऊ. क्लिक थ्रीची निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची. ती कागदावर थेट ठेवून छापली तरी सव्वादोन इंचाचा चौकोनी फोटो हाती येतो. जुन्या आल्बममध्ये कोपरे लावून बसवलेले छोटे फोटो असतात ना, त्यातले कितीतरी असेच काढलेले. पस्तीस एमएमची निगेटिव्ह असती तर टपालाच्या तिकिटाएवढं काहीतरी मिळालं असतं, मग मीच म्हटलं असतं, घ्या एन्लार्जर.

तर काम रात्री करा. न्हाणीघरात दार लावून, दिवा मालवून पाच मिनिटं नुसते बसा. डोळे सरावले की दाराच्या फटीतून, झरोक्यातून उजेड कुठून येतो ते दिसायला लागतं. तिथं काळं कापड ठोका. चादर लावायची तर दुपदरी लावा. चांगली सोलापुरी चादरसुद्धा उन्हासमोर धरली तर विणीतून उजेड दाखवते.

कागद काळवंडू नये म्हणून काम लाल दिव्यात करायचं, पण त्या दिव्याची परीक्षा चुकवू नका. बल्बला लाल रंग फासून भागत नाही, रंग खरवडला की पांढरा उजेड गळतो. कागदाच्या तुकड्याला आधी अगदी किंचित पांढरा उजेड द्या, इतका की धुतल्यावर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये घातल्यावर, फिकट राखाडी यावा. मग त्यावर रुपयाचं नाणं ठेवून लाल दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि धुवा. नाण्याचा गोल उमटला, तर तो दिवा देवघरात लावा.

कागद मल्टीग्रेड (काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येतो असा), आरसी म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, पाच बाय सातचा छोटा पॅक घ्या. (पॅकवर मोठ्या अक्षरात 'उघडू नये' लिहा. आत काय आहे ते बघणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं.) कागदाची चकचकीत बाजू वर, त्यावर निगेटिव्हची मंद बाजू खाली, वरून जाड काच. उलटं ठेवलंत तर जत्रेतल्या दुकानाच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतील. कागदाच्या वर चार फुटांवर पंधरा वॉटचा पिवळा साधा बल्ब. पहिल्यांदा कागदाची पट्टी कापा, पुठ्ठ्यानं झाकत झाकत दोन, चार, सहा, आठ, दहा सेकंद उजेड द्या. धुतल्यावर पट्टीवर पाच छटा दिसतील, त्यातली आवडेल ती घ्या. कुणाच्या वहीतले सेकंद उतरवू नका. तुमचा बल्ब, तुमची निगेटिव्ह, तुमचे सेकंद.

आता खरी गोष्ट. डेव्हलपर वीस अंशांना नीट चालतो, साधारण मिनिटभरात आरसी कागद पूर्ण होतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर चटका देतं. इतक्या गरम डेव्हलपरमध्ये चित्र भसकन येतं, घाबरून आपण कागद लवकर ओढतो आणि काळा रंग चिखलासारखा, डागाळ राहतो. मी चौतीस वर्षं नवी पेठेत एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटो धुतले. पहिल्या उन्हाळ्यात शहाणपणा करून बर्फाचे खडे थेट डेव्हलपरच्या ट्रेमध्ये टाकले होते. बर्फ वितळला, डेव्हलपर पातळ झाला आणि एका लग्नाच्या चाळीस प्रिंट राखेसारख्या निघाल्या. नवरीचा शालू आणि भिंत एकाच रंगाची! मालक काही बोलले नाहीत, फक्त त्या चाळीस कागदांचे पैसे पगारातून गेले. तेव्हापासून बर्फ बाहेरच्या घमेल्यात, ट्रे त्या पाण्यात. ट्रेमध्ये थर्मामीटर पाहिजे, आणि तो तापाचा नको. तापाचा पस्तीसच्या खाली सांगतच नाही. माशांच्या टाकीचा चालतो. तुम्हाला घाई नसेल तर गड्ड्याच्या दिवसांत, जानेवारीच्या रात्री सुरू करा, बर्फाचा खर्च वाचेल.

डेव्हलपरचं काम थांबवायला, म्हणजे स्टॉप बाथला, पांढरं व्हिनेगर, एक भागाला दोन भाग पाणी. मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. राहिलं पाण्यानं धुणं. नळ चार दिवसांनी येणाऱ्या घरात फायबर कागदाचं (प्लास्टिकचा थर नसलेल्या) नाव काढू नका, त्याला तासभर वाहतं पाणी लागतं. आरसी कागदाला ट्रेमधलं पाणी मिनिटा-मिनिटानं पाच-सहा वेळा बदललं की झालं, बादलीभरात भागतं. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो तुळशीत किंवा बोअरच्या कडेला ओतू नका. आणि ट्रे स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत हे घरात आधीच सांगून टाका.

प्रश्न : जुन्या कृतीप्रमाणे डेव्हलपर घरी बनवतोय. त्यातलं एक रसायन, मेटॉल, विरघळतच नाही, वर तरंगतो. माल खराब आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : माल ठीक असेल, क्रम चुकला. तुम्ही सगळं सोडियम सल्फाइट आधी टाकलं असणार. दाट सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळत नाही. पाणी पन्नास अंशांच्या आसपास गरम घ्या, सल्फाइटची चिमूट टाका, मग मेटॉल. तो पूर्ण दिसेनासा झाला की उरलेलं सल्फाइट, नंतर हायड्रोक्विनोन, नंतर धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट), शेवटी पोटॅशियम ब्रोमाइड. पाणी क्षारांचं असेल तर आरओचं वापरा. हातमोजे घाला, मेटॉलनं काहींच्या बोटांना खाज सुटते ती कायमची. माझ्या डाव्या हाताला अजून आहे.

प्रश्न : प्रत्येक प्रिंटवर पांढऱ्या बारीक रेघा येतात, केसासारख्या. निगेटिव्हवर तर ओरखडे नाहीत.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या घरी किंवा शेजारी लूम आहे का? तसं असेल तर ही सुताची तुसं. निगेटिव्हवर बसलेलं तूस उजेड अडवतं, म्हणून कागदावर तिथं पांढरं येतं. (निगेटिव्हच्या मंद बाजूवर खोल ओरखडा असता तर काळी रेघ आली असती.) कामाच्या अर्धा तास आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसा, पंखा बंद ठेवा, काच आणि निगेटिव्ह मऊ ब्रशनं झटका. फुंकर मारू नका, थुंकीचे ठिपके त्याहून वाईट. आलेल्या रेघा बारीकातल्या बारीक ब्रशनं, पातळ राखाडी रंगानं, ठिपका-ठिपका करत भरता येतात. लूम रात्री दहाला बंद होत असतील तर तुम्ही अकराला बसा.