रॉकेट मोडतं ते खाली येताना

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो, मुलगा ८ वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला मॉडेल रॉकेटचं किट मिळालं, आम्ही दोघांनी तीन शनिवार बसून ते जोडलं. पहिल्यांदा मस्त उडालं पण खाली आलं तर एक फिन (शेपटीचं पातं) तुटलेली, ती चिकटवली, मग दुसऱ्या वेळी दुसरी तुटली आणि तिसऱ्या वेळी वाऱ्याने पार रस्त्यापलीकडच्या झाडात जाऊन अडकलं. खूप रडला तो. आता म्हणतो, बाबा न तुटणारं रॉकेट आणूया. असं टिकाऊ किट कुठलं मिळेल? थोडे जास्त डॉलर गेले तरी चालतील.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आमच्या लेकीचं पहिलं रॉकेट आठवलं, तेही असंच तिसऱ्या फेरीत गेलं होतं आणि घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. म्हणून आधी एक सांगते, तीन वेळा उडवलंत ना, म्हणजे मोटर (दारू भरलेलं इंजिन) नीट बसली, रॉकेट सरळ गेलं, पॅराशूट उघडलं. अवघड काम तुम्हाला जमलेलं आहे. राहिलंय ते खाली उतरवण्याचं काम, कारण असली रॉकेटं वर जाताना फार क्वचित मोडतात, मोडतात ती जमिनीला टेकताना.

न तुटणारं किट म्हणून जास्तीत जास्त जाड आणि जड वस्तू आणायचा मोह होतो पण तिथे एक गडबड आहे. रॉकेट जड झालं की तीच मोटर त्याला कमी उंच नेते, ते लवकर वळून खाली यायला लागतं, आणि पॅराशूट उघडायचा टायमर मात्र मोटरीत ठरलेलाच असतो, मग पॅराशूट उघडतं तेव्हा रॉकेट जोरात खाली येत असतं आणि त्या झटक्यात शॉक कॉर्ड, म्हणजे नोज कोन (टोकाची टोपी) आणि नळी यांना जोडणारी दोरी, कागदी नळीला चिरत जाते, याला इथले लोक झिपर म्हणतात. एकदा झिपर झालं की नळीच बदलावी लागते. म्हणून जड रॉकेटला कमी डिले असलेली मोटर घ्यायची, सी६-५ च्या जागी सी६-३ (शेवटचा आकडा म्हणजे डिले, जोर संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट उघडणार ते), आणि किटच्या पाकिटावर ज्या मोटरी छापल्यात त्या सोडून दुसरी घालायची नाही.

आता किटचं. मी दोन नावं सांगेन. मुलाला आठवडाभरात परत उडवायचं असेल तर एस्टीज कंपनीचं अल्फा थ्री, त्याच्या फिन्स प्लास्टिकच्या एकसंध येतात, एक एक चिकटवायची भानगड नाही. पण त्याला हाताने करायला आवडतंय असं पत्रावरून वाटतंय, तर त्यांचंच बिग बर्था घ्या. साधारण दोन फूट उंच, चांगलं जाडजूड, त्यामुळे हवेत सावकाश जातं, मुलाला पूर्ण वेळ दिसत राहतं आणि फार लांब जात नाही. फिन्स बाल्साच्याच (हलक्या, मऊ लाकडाच्या) आहेत, हो, पण त्या मजबूत करता येतात आणि ते काम ८ वर्षांचं पोर स्वतः करू शकतं. (जाड नळीची आणि प्लायवूडच्या फिन्सची एलओसी प्रिसिजनसारखी किटं पण मिळतात, फिनचा खालचा भाग नळीतल्या खाचेतून आत जाऊन थेट मोटरच्या ट्यूबला चिकटतो, प्रचंड दणकट काम असतं. पण त्यांना मोठ्या मोटरी लागतात, मोठं मैदान लागतं, ते तो १२-१३ वर्षांचा झाल्यावर.)

बाल्सा मजबूत करायचा म्हणजे काय करायचं. फिन कापलेली असते तिच्या लाकडाच्या रेषा पुढच्या कडेला समांतर आहेत ना हे आधी बघायचं, किटमध्ये लेझरने कापलेल्या असतात तेव्हा बहुतेक असतातच. मग साधा प्रिंटरचा कागद फिनच्या दोन्ही बाजूंना वुड ग्लूने चिकटवायचा, पातळ थर, आणि जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवायचा. सकाळी ती फिन हातात घेऊन वाकवून बघा, फरक मुलालाच कळेल, सांगावं लागणार नाही. मग नळीवर जिथे फिन बसणार तिथला गुळगुळीत थर पॉलिश पेपरने घासून काढायचा. ही पायरी लोक गाळतात आणि मग गोंद फक्त वरच्या चमकीला धरतो, आतल्या कागदाला नाही, तुमच्या फिन्स मुळापासून स्वच्छ निघाल्या असतील तर कारण हेच. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, थोडा चिकट होऊ द्यायचा, परत एक थर देऊन मग दाबायचं. सुकलं की फिन आणि नळीच्या कोपऱ्यात गोंदाची एक धार सोडून करंगळीने एका दमात ओढायची म्हणजे गोल खाच भरते. याला फिलेट म्हणतात. करंगळीचं काम त्याला द्या, त्याचं बोट तुमच्यापेक्षा योग्य मापाचं आहे! एका वेळी दोनच खाचा, रॉकेट आडवं ठेवून सुकवायचं, नाहीतर गोंद ओघळतो. सगळ्या व्हायला तीन-चार दिवस जातात आणि जाऊ द्यावेत. इन्स्टंट ग्लू आणि हॉट ग्लू दोन्ही नको, एक ठिसूळ आणि दुसरा मोटरच्या उष्णतेने मऊ होतो.

दुसरी गोष्ट शॉक कॉर्ड. किटमधलं रबर बऱ्याचदा आखूड असतं, नोज कोन सुटून ताणला जातो आणि परत येऊन नळीच्या काठावर आपटतो, तो खड्डा इतका नेहमीचा आहे की त्याला नावच पडलंय, एस्टीज डेंट. रॉकेटच्या लांबीच्या निदान तिप्पट लांब कॉर्ड घाला, आणि आत मोटरजवळचा तुकडा केव्हलारच्या दोरीचा असेल तर जळतही नाही. पॅराशूटच्या आधी न पेटणारं वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून भरायचा कागद) तीन-चार तुकडे सैलसर भरायचं. टिश्यू पेपर कधीच नाही, तो पेटत खाली येतो आणि तुमच्याकडच्या वाळक्या गवतात ते फार महागात पडेल. थंडीत प्लास्टिकचं पॅराशूट घडीलाच चिकटून राहतं, थोडी टाल्कम पावडर लावा आणि घडी उडवायच्या पाच मिनिटं आधीच घाला.

आणि झाडाचं. हिशोब मुलाबरोबर कागदावर करा. पॅराशूटवर रॉकेट सेकंदाला साधारण ५ मीटरने उतरतं. १०० मीटरवर पॅराशूट उघडलं तर २० सेकंद लागणार. वारा सेकंदाला ५ मीटर असेल, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक फांद्या सतत हलतायत इतकाच, तर ते १०० मीटर लांब जाणार. तुमचं झाड तिथेच होतं बघा! म्हणून मी तर पहिल्या दिवशी ए मोटरच घालते, लहान वाटलं तरी, आणि पॅराशूटच्या मधोमध गोल भोक पाडते, थोडं वेगाने उतरतं पण लांब जात नाही. सी मोटरला मॉडेल रॉकेटच्या सेफ्टी कोडप्रमाणे मैदान निदान ४०० फूट हवं, म्हणजे जवळजवळ अख्खं क्रिकेटचं मैदान, नेबरहुड पार्क त्याला पुरत नाही.

एक राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. फिन्सवर कागद, गोंद, वरून रंग, हे सगळं वजन शेपटीला वाढतं, आणि रॉकेटचा तोल पुढच्या बाजूला असायला हवा नाहीतर ते हवेत गोल गोल फिरतं. मोटर आणि पॅराशूट भरून, तोल साधतो त्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवा, नोज कोन पुढे ठेवून फिरलं तर ठीक. मागे-पुढे लटपटलं तर नोज कोनच्या आत चिकणमाती भरून परत फिरवा. ही टेस्ट मुलांना उड्डाणाइतकीच आवडते. उडवताना १५ फूट लांब, आणि पेटलं नाही तर लाँच बटणाच्या डबीची किल्ली काढून पूर्ण एक मिनिट कोणी जवळ जायचं नाही. किल्ली तुमच्या खिशात, बटण त्याच्या हातात.

प्रश्न : मावशी, मी १० वर्षांचा आहे आणि नेपरव्हिलला राहतो. माझ्या रॉकेटच्या इंजिनवर बी६-४ लिहिलंय, त्याचा अर्थ काय? आणि माझं रॉकेट किती उंच गेलं ते कसं कळणार? दादा म्हणतो ५०० फूट, मला नाही वाटत.

उत्तर : अरे वा, दादाचं न मानता मोजायचं म्हणतोस ना, मला फार आवडलं. अक्षर म्हणजे इंजिनात एकूण किती ताकद आहे ते. ए पेक्षा बी दुप्पट, बी पेक्षा सी दुप्पट, असं वाढत जातं. ६ म्हणजे सरासरी जोर ६ न्यूटन, साधारण ६०० ग्रॅमची वस्तू हातावर तोलून धरायला लागतो तेवढा. तो जोर एक सेकंदसुद्धा टिकत नाही! शेवटचा ४ म्हणजे जोर संपल्यावर ४ सेकंद रॉकेट नुसतं धूर सोडत वर सरकत राहतं आणि मग आतला छोटा बार नोज कोन ढकलून पॅराशूट बाहेर काढतो. शेवटी ० असेल ते दोन मजली रॉकेटच्या खालच्या मजल्याचं, ते तुझ्या रॉकेटात घालायचं नाही.

उंचीसाठी कंपासपेटीतला कोनमापक घे, मधल्या भोकात दोरा आणि दोऱ्याला नट बांध, सरळ कडेवर स्ट्रॉ चिकटव. लाँच पॅडपासून ५० मीटर मोजून उभा राहा, दादाला बटण दाबू दे, तू स्ट्रॉमधून रॉकेट बघत राहा आणि सगळ्यात वर गेलं की दोरा बोटाने दाबून धर. सरळ समोर बघताना दोरा ९० वर असतो, तर ९० मधून आलेला आकडा वजा कर. कोन ४५ आला तर उंची ५० मीटर, ६० आला तर साधारण ८७ मीटर, आणि त्यात तुझ्या डोळ्याची उंची मिळव. ५०० फूट म्हणजे १५२ मीटर, त्यासाठी कोन जवळजवळ ७२ यायला हवा. दोघं दोन बाजूंना उभे राहून मोजलंत तर आणखी छान, सरासरी काढा.

आणि एक, इंजिन कधीही उघडून बघायचं नाही, आतलं मिश्रण घरी करायचं नाही. १९५० च्या दशकात इथली मुलं घरी स्फोटक दारू भरून रॉकेटं करायची आणि फार वाईट अपघात व्हायचे. १९५४ मध्ये नेब्रास्कातल्या नॉरफोकच्या ऑर्व्हिल कार्लाइल या बुटांच्या दुकानदाराने तयार, बदलता येणारं इंजिन असलेलं छोटं रॉकेट केलं, पुढे १९५८ मध्ये व्हर्नन एस्टीजने अशी इंजिनं बनवायचं मशीनच तयार केलं, त्याचं नाव त्याने मेबल ठेवलं होतं. तुला हे सुरक्षितपणे खेळायला मिळतंय ते त्यांच्यामुळे.

प्रश्न : आम्ही पुण्यात. माझा भाऊ दिवाळीत अमेरिकेहून येतोय, भाचीसाठी रॉकेट किट आणि मोटरी बॅगेत घेऊन येतो म्हणतो. चालेल ना?

उत्तर : मोटरी नाही, अजिबात नाही. विमानात त्या हँडबॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इन बॅगेतही नाही, भावाला आजच फोन करून सांगा. आणि दिवाळीच्या रॉकेटातली दारू काढून भरायचा विचार घरात कोणी बोलून दाखवला तर तो तिथेच थांबवा, प्लीज.

भाचीसाठी पाण्याचं रॉकेट करा, त्यात शिकायला तेवढंच आहे. कोल्ड्रिंकची बाटली घ्या, साध्या पाण्याची नको कारण ती दाब सहन करायला बनलेली नसते. एक तृतीयांश पाणी, तोंडाला घट्ट रबरी बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि लांब पाइप लावून पंप. दाब पुरेसा झाला की बूच आपोआप सुटतं. फिन्स पुठ्ठ्याच्या, डबल टेपने लावा, हॉट ग्लू नको, बाटली त्या जागी कमजोर होते. वर नोजला थोडी चिकणमाती, वरच्या उत्तरात सांगितलंय त्याच कारणासाठी. गच्चीवरून नाही, मोकळ्या मैदानातच, सगळे ५ मीटर मागे, पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल. आणि बाटली तीच तीच वापरू नका, कुठे पांढरट घडी किंवा चीर दिसली की दुसरी घ्या.