चाके पाहून ओळखावी मोटार : वाचकांचे प्रश्न

यावेळी जुन्या डायकास्ट मोटारींविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. जस्ताचा मिश्रधातू वितळवून, दाबाखाली पोलादी साच्यात भरून केलेली खेळणी ती डायकास्ट. नागपूरच्या घरांतील माळ्यांवर आणि ट्रंकांत अशा मोटारी अजून बऱ्याच निघतात, असे या पत्रांवरून दिसते. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रलेखकाची शंका शेवटी चाकांपाशी येऊन थांबते, म्हणून उत्तरांतही चाकांनाच अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत मॅचबॉक्सच्या ५ क्रमांकाच्या दोन लाल लंडन बस सापडल्या. दोन्हींची लांबी ५.७ सेंटीमीटर आहे आणि दोन्हींच्या तळावर ‘मेड इन इंग्लंड बाय लेस्नी’ असा मजकूर आहे. मात्र एकीची चाके धातूची आहेत, तर दुसरीची राखाडी प्लास्टिकची. दुसरीची चाके कोणी बदलली असावीत काय? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : दोन्ही चाके कारखान्यातलीच असण्याची शक्यता अधिक आहे, पण खात्री करण्यासाठी आपल्याला आसांची, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यांची, टोके पाहावी लागतील. ती कशी पाहायची हे सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून चाकांचा क्रम लक्षात राहत नाही.

लेस्नी ही कंपनी १९४७ मध्ये लंडनला लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी काढली. आडनाव एकच असले तरी त्यांचे नाते नव्हते. कंपनीचे नाव मात्र दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून झाले. साचे घडवण्यात तरबेज असलेले जॅक ओडेल लवकरच त्यांना येऊन मिळाले. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे, म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५३ मध्ये लेस्नीची ‘मॅचबॉक्स’ (म्हणजे काडेपेटी) ही मालिका बाजारात आली तेव्हा पहिला क्रमांक रोड रोलरलाच मिळाला. पुढे मालिकेचे ७५ क्रमांक ठरले, आणि एखादा साचा जुना झाला की त्याच क्रमांकावर नवी गाडी येऊ लागली. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून काळ ठरवता येत नाही. ५ क्रमांकाची बस आरंभी सुमारे ५ सेंटीमीटर लांब होती आणि साचे बदलत गेले तशी ती वाढत जाऊन सुमारे ७ सेंटीमीटरपर्यंत पोहोचली. आपण लांबी मोजून कळवलीत हे फार बरे केलेत, कारण त्या लांबीवरून आपल्या दोन्ही बस १९५७ च्या साच्यातल्या ठरतात.

आता चाकांकडे वळू. आरंभी सर्व गाड्यांना धातूची चाके होती. १९५७ च्या सुमारास राखाडी प्लास्टिकची चाके आली, दशकाच्या अखेरीस काही गाड्यांना रुपेरी मुलामा दिलेली प्लास्टिकची चाके लागली, आणि १९६० नंतर हळूहळू काळ्या प्लास्टिकने सगळ्यांची जागा घेतली. हा बदल एका दिवसात झाला नाही. शरीराचा साचा तोच ठेवून, जोडणीच्या वेळी जी चाके पुरवली जात ती बसवली जात असल्यामुळे एकाच साच्याच्या गाड्या दोन-दोन, तीन-तीन प्रकारच्या चाकांनिशी बाहेर पडल्या. आपल्या दोन बस हे त्याचेच उदाहरण आहे. काळ्या चाकांतही भेद आहेत. काहींच्या कडेवरील खाचा जाड व मोजक्या असतात, तर काहींच्या बारीक व दाट. भिंग घेऊन ३६ आणि ४५ खाचा मोजत बसणाऱ्या माणसाकडे घरातील मंडळी कोणत्या नजरेने पाहतात, हे मला चांगले ठाऊक आहे. परंतु एकाच रंगाच्या एकाच गाडीची आधीची आणि नंतरची प्रत वेगळी काढण्याचा दुसरा सोपा मार्ग बहुधा नसतो.

आसाची टोके पाहा. जुन्या गाड्यांत पोलादी आस चाकांतून आरपार गेल्यावर त्याचे टोक चिमटून चपटे केलेले असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून टोके खिळ्याच्या डोक्यासारखी गोल येऊ लागली. आपल्या राखाडी चाकांच्या बसच्या आसांची टोके चपटी असतील, तर ती धातूच्या चाकांच्या बसनंतर लगेचची समजावी. गोल असतील, तर थोडी पुढची. चाक काढायचे तर आसाचे एक टोक कापावे किंवा कानसावे लागते, त्यामुळे बदललेल्या चाकांपाशी कानशीचे ओरखडे किंवा एका बाजूला चपटे व दुसऱ्या बाजूला गोल अशी विजोड टोके आढळतात. तसेच आस नवाकोरा चकचकीत आणि तळाचा धातू मात्र काळवंडलेला असेल, तर संशयाला जागा आहे.

एक सावधगिरीची सूचना. रुपेरी चाकांचा मुलामा घासला की आतले प्लास्टिक उघडे पडते आणि चाक राखाडी भासू लागते. म्हणून राखाडी वाटणाऱ्या चाकाच्या खाचांत चंदेरी चमक उरली आहे का, ते उजेडात धरून पाहावे. कॉलेजात असताना मी अशा एका ट्रकची चाके धातू चकाकवण्याच्या पेस्टने मन लावून घासली होती आणि दहा मिनिटांत त्यांचा सगळा मुलामा उतरवून ठेवला होता. तो ट्रक आजही माझ्याकडे आहे. तो कोणाला दाखवायची वेळ आली की मी विषय बदलतो.

प्रश्न : इतवारीतील जुन्या सामानाच्या दुकानातून हॉट व्हील्सची एक गाडी घेतली. तळावर १९७४ हे साल कोरलेले आहे, पण चाकांवर लाल रेघ नाही. लाल रेघ असेल तरच ती सत्तरच्या दशकातली, असे एका मित्राने सांगितले. माझी फसवणूक झाली काय? (एक वाचक, महाल)

उत्तर : फसवणूक झालेली नाही, फक्त सालाचा अर्थ वेगळा आहे. तळावरचे साल बहुधा त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचे असते, गाडी तयार झाल्याचे नव्हे. एकच साचा कंपनी वर्षानुवर्षे वापरते आणि साल तेच राहते. मॅटेल कंपनीने अमेरिकेत १९६८ मध्ये हॉट व्हील्स आणल्या तेव्हा चाकांच्या कडेला लाल रेघ असे. १९७७ पासून ती सोडून देण्यात आली आणि नुसती काळी चाके येऊ लागली. म्हणजे आपली गाडी १९७४ च्या साच्यातली, पण १९७७ किंवा त्यानंतर जोडलेली आहे. ती सत्तरच्या दशकाच्या अखेरचीही असू शकते, त्यामुळे मित्राचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. उलट एखाद्याने काळ्या चाकावर तांबड्या रंगाने रेघ ओढली असेल तर ती भिंगाखाली हमखास लडखडलेली दिसते.

या चाकांनी साऱ्या धंद्याची दिशा बदलली, हे येथे सांगायला हवे. जाड आसावर घासत फिरणाऱ्या चाकांऐवजी मॅटेलने बारीक तारेचे आस आणि निसरड्या प्लास्टिकचे बेअरिंग वापरले, त्यामुळे उतारावर सोडलेली गाडी सुसाट धावू लागली आणि जुन्या ढंगाच्या गाड्या मुलांना एकाएकी मंद वाटू लागल्या. लेस्नीने १९६९ मध्ये ‘सुपरफास्ट’ चाके आणून उत्तर दिले. घाई इतकी होती की चालू साच्यांनाच बारीक आस आणि नवी चाके जोडण्यात आली, आणि म्हणूनच तीच गाडी जुन्या तसेच नव्या चाकांवर मिळते. ८ क्रमांकाची फोर्ड मस्टँग हे उत्तम उदाहरण आहे. जुन्या चाकांच्या मस्टँगला पुढची चाके वळवण्यासाठी बाजूने डोकावणारी एक छोटी दांडी होती. सुपरफास्ट झाल्यावर ती दांडी गेली. माझ्या मते संपूर्ण मॅचबॉक्समध्ये ही १९६९-७० ची संक्रमणातली मंडळीच सर्वांत वाचनीय आहेत, मग बाजारात त्यांना भाव असो वा नसो. कॉर्गी या ब्रिटिश कंपनीनेही याच लाटेत ‘व्हिझव्हील्स’ आणली, पण १:४३ च्या (म्हणजे खऱ्या मोटारीच्या त्रेचाळिसाव्या भागाच्या) आसपासच्या मोठ्या आणि देखण्या कॉर्गी गाड्यांना ती प्लास्टिकची चाके मला कधीच शोभली नाहीत.

आपल्या गाडीच्या तळावर देशाचे नाव काय आहे तेही पाहावे. ऐंशीच्या दशकात लिओ मॅटेल या नावाने हॉट व्हील्स भारतातही तयार झाल्या, आणि त्यांचे अनोळखी रंग पाहून परदेशी संग्राहक आजही त्या शोधत असतात.

प्रश्न : माझ्याकडील बेंटलेच्या तळावर ‘निकी टॉइज’ असे आहे, पण गाडी हुबेहूब डिंकीसारखी दिसते. ही नक्कल टाकून द्यावी का? (एक वाचिका, सक्करदरा)

उत्तर : कृपया टाकून देऊ नका. ही नक्कल नव्हे. डिंकी गाड्या लिव्हरपूलची मेकॅनो कंपनी करीत असे आणि तिने जुने झालेले काही साचे कोलकात्याला विकले. त्या अस्सल साच्यांतून तेथे निकी टॉइज तयार झाल्या. तळावरील ‘डिंकी’ हा शब्द साच्यातून घासून काढल्यामुळे त्या जागी काही गाड्यांवर सपाट पट्टा दिसतो, तो बोटाने चाचपून पाहावा. रंगाचा थर इंग्लंडमधल्याइतका सफाईदार नसतो, ही तक्रार खरी आहे. पण आपल्या देशात ओतलेली गाडी म्हणून मी ती त्याच इंग्रज बेंटलेच्या शेजारी, किंबहुना थोडी पुढेच ठेवीन.

प्रश्न : शोकेसमधील गाड्यांवर पांढरी भुकटी धरते. एका जुन्या गाडीला तर भेगा पडल्या आहेत. काय करावे? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : या दोन वेगळ्या व्याधी आहेत. उघड्या तळावर येणारी पांढरट भुकटी हा जस्ताचा वरवरचा गंज असतो, तो कोरड्या मऊ ब्रशने निघतो. भेगा, फुगलेले अंग आणि वाकलेला तळ ही मात्र आतली व्याधी आहे. मिश्रधातूत शिशासारख्या धातूची थोडीशी भेसळ राहिली की जस्ताच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज पसरतो आणि गाडी अखेर हाताने चुरता येईल इतकी ठिसूळ होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत हे विशेष आढळते. यावर इलाज नाही. दमट हवा आणि उष्णता टाळून वेग कमी करता येतो, एवढेच. ही व्याधी शेजारच्या गाडीला लागत नाही, त्यामुळे तिला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

नागपुरात दमट हवा पावसाळ्यातच असते असे आपण धरून चालतो, आणि तिथेच चुकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा आपण खिडकीला कूलर लावतो आणि त्याच्या वाळ्याच्या ताट्यांमधून आलेली ओली हवा दिवसभर खोलीत फिरवतो. आपली शोकेस कूलरच्या समोरच्या भिंतीला असेल, तर भुकटीचे कारण तेच असण्याचा फार संभव आहे. शोकेस दुसऱ्या खोलीत हलवावी, तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वरचेवर वाळवाव्यात. डांबराच्या गोळ्या मात्र मुळीच ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. मऊ टायरच्या गाड्या थेट प्लास्टिकच्या फळीवर उभ्या केल्यास टायरमधील द्रव्य झिरपून फळीवर आणि चाकावर डाग उमटतात, म्हणून खाली काच असलेली बरी.

प्रश्न : झिजलेल्या चाकांच्या जागी नवी, तशीच दिसणारी चाके विकत मिळतात. बसवू का? (एक वाचक, सदर)

उत्तर : चाक तुटलेले किंवा हरवलेले असेल तर बसवावे. नुसते झिजलेले असेल तर बसवू नये. बसवलेच तर जुने चाक आणि आस लिफाफ्यात घालून गाडीसोबत ठेवावे आणि पुढे विकताना किंवा देताना ते स्पष्ट सांगावे.

प्रश्न : अडीच वर्षांचा नातू माझ्या साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या गाड्या मागतो. चार घासलेल्या गाड्या त्याला खेळायला द्याव्यात असे वाटते. (एक आजोबा, प्रतापनगर)

उत्तर : आपला जीव मोठा आहे, पण या वयात देऊ नयेत. त्या काळच्या रंगांत शिसे असू शकते, आणि घासलेल्या गाडीचाच रंग आधी सुटतो. अडीच वर्षांचे मूल मोटार चालवते त्यापेक्षा चोखते अधिक. त्याला सध्या नवी गाडी आणून द्यावी आणि जुन्या आपल्या हातात धरून दाखवाव्यात. चार घासलेल्या गाड्यांवर त्याचे नाव लिहून त्या आताच वेगळ्या काढून ठेवल्यात तर बरे, नाहीतर तो शाळेत जाऊ लागेपर्यंत आपलाच विचार बदलेल.