फोन थरथरला, म्हणजे पैसे पोचले का?

पत्र: नमस्कार मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समोरासमोर उभी असलेली दोन माणसं बिटकॉइनमध्ये व्यवहार कसा करतील, यावर मी मिनी प्रोजेक्ट केला. विकणाऱ्याच्या फोनवर क्यूआर कोड, घेणाऱ्याने तो स्कॅन करायचा. गाइड म्हणाले, ‘कोड दाखवायचा नि स्कॅन करायचा, यात डिझाइन ते काय?’ बाबांच्या मते क्रिप्टो म्हणजे सट्टा. मला मात्र एनएफसी (फोन नुसता टेकवून चालणारं तंत्र) आणि ब्लूटूथ जोडून हाच विषय पुढे न्यायचाय. यात करिअर होईल का? पुढच्या सेमिस्टरला इलेक्टिव्ह कोणता घेऊ, ब्लॉकचेन की ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन? एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट करून ठेवू का?

उत्तर:

तुझ्या गाइडच्या प्रश्नाचं उत्तर मला एकदा माझ्याच टेबलावर मिळालं होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी फोन टेकवून पैसे देण्याचा डेमो दाखवायला आली होती. तिचा फोन टेबलावर, माझा माझ्या हातात. ‘टेकवा,’ म्हणाली. मी टेकवला, फोन थरथरला, मी तो उचलून पर्समध्ये टाकला. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. पैसे गेलेच नव्हते. फोन थरथरला तो ‘मागणी वाचली’ एवढंच सांगायला. रक्कम बघून ‘होय’ दाबायचं अजून बाकी होतं. खरी गिऱ्हाईक असते तर वस्तू उचलून मी चालू लागले असते आणि मागून हाक आल्यावर वर भांडलेही असते. तिच्या कोडमध्ये चूक नव्हती, पण त्या दोन सेकंदांचा विचार कुणी केलेला नव्हता. डिझाइन ते हेच.

आता तुझ्या क्यूआरकडे येऊ. पैसे कुठे जायचे ते सांगणारा बिटकॉइनचा पत्ता तू त्यात स्मॉल लेटर्समध्ये भरला असशील, बहुतेक जण तेच करतात. क्यूआरमध्ये एक अल्फान्यूमेरिक मोड असतो. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं बसतात, पण एका अक्षराला ८ ऐवजी साधारण साडेपाच बिट लागतात. ‘बीसी१’ने सुरू होणारे बिटकॉइनचे नवे पत्ते पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिले तरी चालतात. ४२ अक्षरांचा असा पत्ता, त्याच्याआधी ‘बिटकॉइन’ आणि विसर्गचिन्ह मिळून ५० अक्षरं झाली. मध्यम एरर करेक्शनला (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) स्मॉलमध्ये ३३×३३ चौकटींचा कोड लागतो, कॅपिटलमध्ये २९×२९चा भागतो. लायटनिंग म्हणजे बिटकॉइनवरच उभारलेलं झटपट व्यवहारांचं जाळं. त्याचं इन्व्हॉइस, म्हणजे पैशांची मागणी, याहून कितीतरी लांब असतं. २८० अक्षरं धरली तर हाच फरक ६५×६५ आणि ५७×५७ असा पडतो. चौकटी कमी म्हणजे प्रत्येक चौकट मोठी, आणि ती मोठी राहिली की तडे गेलेल्या स्क्रीनवरून, उन्हात, थरथरत्या हातानेही कोड लवकर वाचला जातो. मात्र हे शिकल्याच्या उत्साहात ‘१’ किंवा ‘३’ने सुरू होणारा जुना पत्ता कॅपिटल करू नकोस. त्यात लहान-मोठ्या अक्षरांना वेगळा अर्थ असतो, त्यामुळे तो पत्ताच मोडतो. रक्कम जोडताना लागणारं प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्हही त्या मोडमध्ये बसत नाही. त्यावर काय करायचं ते तू शोध. गाइडना दाखवायला तेवढं एक पान पुरेल.

एनएफसी आणि ब्लूटूथ ‘जोडून’ असं तू लिहिलं आहेस. जोडण्याआधी प्रत्येकाकडून कोणतं काम घ्यायचं ते ठरव. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि जेमतेम काही सेंटिमीटर पोचतं. हे तोकडेपण उपयोगाचं आहे, कारण फोन टेकवला म्हणजे ‘मला याच्याशीच व्यवहार करायचाय’ हे माणसाने हाताने सांगितलं. पण हात हलला की संपर्क तुटतो, म्हणून लांबलचक बोलणं त्यावर नको. ब्लूटूथ लांबवर पोचतं आणि टिकतं, पण शेजारी चार काउंटर असतील तर आपला कोणता? यादीतून नाव निवडायला लावलंस तर कुणीतरी सारख्या नावाचं यंत्र लावून ठेवेल. तेव्हा ओळख करून द्यायची ती क्यूआरने किंवा टेकवून. पुढच्या ब्लूटूथ संभाषणाचा पत्ता आणि समोरच्याची खूण पटवणारी किल्ली त्यातूनच जावी.

ब्लूटूथची खरी मजा वेगळीच आहे. घेणाऱ्याच्या फोनला नेटवर्क नसलं तरी तो बिटकॉइनचा व्यवहार सही करून थेट विकणाऱ्याच्या फोनला देऊ शकतो. तो नेटवर्कवर पाठवायचं काम मग विकणारा करतो. तळघरातल्या दुकानाला हे वरदान वाटेल. पण विकणाऱ्याने काय बघितल्यावर माल द्यायचा? व्यवहार पक्का होतो तो ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सामाईक वहीच्या नव्या पानावर, नोंदला गेल्यावर. हा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, आणि ही सरासरीच. पुढचा ब्लॉक यायला २० मिनिटांहून जास्त लागतील असं साधारण सातापैकी एकदा होतं. तोवर तेच पैसे दुसरीकडे फिरवता येतात. लायटनिंगवर व्यवहार बहुधा काही सेकंदांत पुरा होतो, पण मग पाठवणारा ऑनलाइन हवा. एक ना धड असं वाटेल, पण इंजिनिअरला पगार मिळतो तो यातलं कोणत्या जागी काय चालेल हे ठरवायला.

आणि अडकलेल्या व्यवहाराचं काय, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. गिऱ्हाइकाने ‘पाठवा’ दाबलं, गोल फिरत राहिला, विकणाऱ्याच्या स्क्रीनवर काहीच नाही. मागे रांग आहे. गिऱ्हाईक पुन्हा दाबणार. लायटनिंगचं साधं इन्व्हॉइस एकदाच भरण्यासाठी असतं, पण ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे लायटनिंगशिवायच्या, साध्या पत्त्यावर पैसे दोनदाही येऊन बसतात आणि परत मागायला बँक नाही. इन्व्हॉइसची मुदत नमूद केली नाही तर ती ३६०० सेकंद धरली जाते. काउंटरवर तासभर जुना भाव कोण मान्य करेल? तुझ्या ॲपमध्ये ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ अशा दोनच स्क्रीन असतील तर तिसरी, ‘अजून कळलेलं नाही, पुन्हा दाबू नका’ ही, आजच काढायला घे. मी कुणाचाही प्रोजेक्ट बघताना आधी तीच मागते.

करिअर आहे का? आहे, पण ‘क्रिप्टो एक्सपर्ट’ या पाटीखाली ते शोधू नकोस. वॉलेट बनवणाऱ्यांना, पेमेंट टर्मिनलचं फर्मवेअर लिहिणाऱ्यांना, तिकिटं, प्रवेशपत्रं, डिजिटल ओळखपत्रं करणाऱ्यांना असा माणूस हवा असतो, ज्याला प्रोटोकॉलही कळतो आणि हातात फोन धरलेला माणूसही. बिटकॉइनचा भाव पडला तरी हे कौशल्य पडून राहत नाही. एक सावधगिरी सांगते. कंपनी पगाराचा मोठा भाग स्वतःच्याच टोकनमध्ये, म्हणजे स्वतः काढलेल्या क्रिप्टो नाण्यात, देऊ म्हणाली, तर तिथून उठावं. आणि ज्या देशात काम करशील तिथले परवान्याचे नियम आधी वाच.

सर्टिफिकेटवर पैसे घालवू नकोस. त्याऐवजी बीटीसीपे सर्व्हरसारख्या (दुकानदारांना बिटकॉइन स्वीकारता यावेत म्हणून केलेल्या) ओपन सोर्स प्रकल्पातला एखादा छोटा दोष दुरुस्त कर. ‘समर ऑफ बिटकॉइन’ ही विद्यार्थ्यांसाठीची इंटर्नशिप आहे, तिकडेही अर्ज टाक. बिटकॉइनमध्ये सुधारणा सुचवणारे जुने प्रस्ताव, म्हणजे बीआयपी, वाच. पैसे मागण्याची रीत ठरवणारे दोन बघ. २०१२चा बीआयपी २१ साधा होता म्हणून टिकला. २०१३चा बीआयपी ७० विकणाऱ्याची सही तपासणारा, जास्त हुशार, तरी वापरातून गेला. का गेला ते कळलं की निम्मा अभ्यास झाला समज.

इलेक्टिव्ह ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनच घे. ब्लॉकचेनची कागदपत्रं सगळी खुली आहेत, ती रात्री बसून वाचता येतात. माणसं कशी चुकतात ते बघायला मात्र शिकवणारं कुणीतरी लागतं.

राहिले बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना तुझा पहिला गिऱ्हाईक कर. साइनेट हे सरावाचं जाळं आहे, त्यातल्या नाण्यांना काडीची किंमत नसते. ते आधीच सांगून टाक, म्हणजे सट्ट्याचा मुद्दा तिथेच मिटेल. फोन त्यांच्या हातात दे, तू विक्रेता हो आणि तोंडातून अवाक्षर काढू नकोस. तीस वेळा करून घे, दहा वेळा त्यांचं नेटवर्क मध्येच बंद करून. ते कुठे थांबले, कुठे ‘झालं का रे?’ म्हणाले, तेवढं वहीत लिहून मला पाठव.