लाडवांचा डबा आणि सुताराच्या दुकानाचा वास

प्रिय मुली,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मंडईतून येऊन मेथी निवडत बसले होते. दूध सोडलं, तूरडाळ सोडली, आता टोमॅटोही नको वाटतो म्हणालीस, आणि अजून तर चौथाच महिना! ऐकून पोटात गोळा आला. अगदी हेच मी केलं होतं गं.

फिनेल, उदबत्ती, ताजा रंग यांतलं काही मला सोसत नाही, तुझंही तसंच, हे तुला ठाऊक आहे. थोरल्याच्या वेळी आम्ही कर्वेनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. सासूबाईंनी साजूक तुपातले नाचणीचे लाडू करून दिले. एक खाल्ला की मळमळ. मी आधी नाचणीवर आळ घेतला, मग तुपावर, मग दुधावर. एकेक पदार्थ सोडत गेले आणि सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९ वर आलं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. शेवटी आईने डब्याचं झाकण काढून नाकाशी धरलं. "अगं, याला सुताराच्या दुकानाचा वास येतोय!" डबा प्लास्टिकचा, ठेवलेला नव्याकोऱ्या ट्रॉलीत. प्लायवूडच्या गोंदातलं फॉर्मल्डिहाइड पुढे कित्येक महिने हवेत सुटत राहतं, आणि तूप तर कुठलाही वास चटकन धरतं. पुढचा घाणा स्टीलच्या डब्यात, बाहेरच्या खोलीत ठेवला. दिवसाला दोन खायला लागले.

तुमचंही स्वयंपाकघर दिवाळीत नवं केलंय ना? मग ताटातलं काढण्याआधी ताटाभोवतीचं काढ. एक वही घाल. काय खाल्लं त्याच्या शेजारी त्या वेळी घरात कसला वास होता तेही लिही: शेजारची पेस्ट कंट्रोल, नवऱ्याचा डिओ, डासांची कॉइल. एका वेळी एकच गोष्ट बदल. एखादा पदार्थ खरंच सोडावा लागला, तर त्याची भरपाई कशाने करायची ते डॉक्टरांना विचारूनच सोड. आणि फॉलिक ॲसिड, लोहाच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. गोळीच्या रंगाचा त्रास वाटला तर दुसरी लिहून मागायची. लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच.

गूळ पिवळाधमक घेऊ नकोस. रंग उजळावा म्हणून काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड टाकतात. त्यातला गंधकाचा अंश गुळात राहतो, आणि काहींना त्याने दमा उठतो. आमच्याकडे दौंडच्या गुऱ्हाळावरून काळपट ढेप येते. दिसायला गबाळी, पण चवीला खरा ऊस. सोनेरी बेदाणे आणि केशरी जर्दाळू यांनाही बहुधा गंधकाचीच प्रक्रिया केलेली असते, त्यापेक्षा काळ्या मनुका बऱ्या. आंबा कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी पिकवणारे पिकवतात. मोसमात मार्केट यार्डातून कच्ची पेटी आणून घरीच अढी घाल. भाजी धुवायला सुगंधी लिक्विड कशाला? वाहत्या नळाखाली पानन् पान चोळून धू, बास. मासे खात असशील तर मोठी सुरमई सध्या नको, तिच्यात पारा जास्त साठतो. बांगडा खा.

आता धुरीचं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून दारं लावून घेतात. तुझ्या आजेसासूबाई करणारच. तुला तर ते सोसणार नाहीच, पण बंद खोलीतला धूर बाळालाही वाईट. भांडू नकोस. बाळंतशेपा भाजून खायला माग, अंघोळीला कढत पाणी घे, अळिवाची खीर वाटीभर जास्त खा. त्यांची माया पोटात जाऊ दे, नाकात नको. आणि हे त्यांच्याशी नवऱ्याने बोलायचं, तू नाही. बाप व्हायचंय ना त्याला!

बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध चाटवायला कोणी आलं तर वर्षभर थांबायला सांग.

शनिवारी येते. नाचणीचे लाडू आणते, स्टीलच्या डब्यातून. तोवर ट्रॉल्या उघड्या टाक आणि खिडकीही.

तुझी,
मावशी