विचारा गाडीवाल्या काकांना : वाळवंटी थाट, दीड हजारात

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा इस्लामपूरचा, सध्या कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला मास्टर्स करतोय. दोन महिन्यांपूर्वी १९९६ ची फोर्ड रेंजर घेतली, चार सिलिंडर, सिंगल कॅब, टू व्हील ड्राइव्ह. इथली पोरं ती नाक वर केलेली, मडगार्ड फुगवलेली, हौद्यात स्टेपन्या बांधलेली पिकअप फिरवतात ना, तसाच लुक पाहिजे. खिशात दीड हजार डॉलर आहेत, त्याच्यावर एक सेंट नाही. रूममेट म्हणतो फोर बाय फोर नाही तर कशाला नाटकं, विक ती. काय करू?

उत्तर : विकू नको रे बाबा. रूममेटला सांग की तू ज्या गाड्यांवर भाळलायस त्यांना इथे प्रीरनर म्हणतात आणि त्यातल्या बहुतेक टू व्हील ड्राइव्हच असतात, म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना. १९६७ साली मेक्सिकोत तिहुआना ते ला पाझ अशी पहिली मोठी बाजा रेस झाली, नंतर तिचंच नाव बाजा १००० झालं. रेसच्या आधी टीमवाले सगळा रस्ता एकदा साध्या पिकअपने फिरून यायचे, कुठे खड्डा, कुठे दगड, कुठे वाळू खोल ते वहीत लिहून घ्यायचे. आधी पळून येणारी म्हणून प्रीरनर. वाळवंटात जोरात पळायचं तर वजन कमी पाहिजे आणि पुढची चाकं भरपूर वरखाली झाली पाहिजेत, आणि फोर बाय फोरसाठी लागणारा पुढचा ॲक्सल, पुढच्या चाकांना ताकद पोचवणारी ट्रान्सफर केस वगैरे लटकवलं की दोन्ही बोंबलतं. म्हणजे तुझ्याकडे जे नाही तेच बरोबर आहे. त्यात तुझी ९६ ची म्हणजे पुढे ट्विन आय-बीमवाली, पुढच्या प्रत्येक चाकाला आपापला लांब दांडा, ९८ पासून फोर्डने ते काढून टाकलं, इथले जुने लोक अजून ती आय-बीमवाली शोधत फिरतात.

आता खर्च. माझं मत आधीच सांगतो, पटलं तर घे. नव्वद टक्के लुक चाकात आणि उंचीत असतो, बाकी पाइपा, जाळ्या, लाइटा म्हणजे लग्नातली झालर. आणि पोरं नेमकी झालरीपासून सुरुवात करतात, हौद्यात सहाशे डॉलरचा पाइपांचा पिंजरा आणि खाली १४ इंची चाकं, हत्तीची झूल गाढवावर. तू उलटं कर.

पहिल्या शनिवारी पैसे खर्चच करू नको, फक्त काढत जा. बंपरखालचा तो प्लास्टिकचा ओठ काढ, क्रोमच्या पट्ट्या, दारावरची रबरं, पायरी असली तर पायरी. हेअर ड्रायरने गरम केलं आणि मागून मासे पकडायची दोरी फिरवली की बॅज न ओरखडता निघतात. नुसत्या त्या प्लास्टिकच्या ओठाने गाडी इतकी खाली वाटत असते की तो काढल्यावर तुला वाटेल लिफ्टच केली.

मग चाकं. नवीन डिस्क, म्हणजे चाकाच्या रिम, घ्यायला जाऊ नको. रेंजरला पाच नट, साडेचार इंचाचं वर्तुळ, आणि जीप रँग्लर टीजे, म्हणजे १९९७ ते २००६ ची, तिचंही अगदी तेच माप. जीपवाले लोक गाडी घेतली रे घेतली की मोठी चाकं टाकतात आणि कंपनीची १५ बाय ८ ची, म्हणजे १५ इंच व्यासाची आणि ८ इंच रुंद डिस्क ३०-९.५० च्या, म्हणजे तीस इंच उंच आणि साडेनऊ इंच रुंद टायरसकट काढून टाकतात. फेसबुक मार्केटप्लेसवर शोध, पाचचा सेट चारशे-साडेचारशेत मिळून जातो, घासाघीस कर, मंडईत करतो तशी. फक्त टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं त्यातले शेवटचे चार आकडे वाच, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी कितीही कोरी दिसू दे, फक्त डिस्कचे पैसे दे. मी हे शिकलो ते इथल्या वाळवंटात, बार्स्टो गावाच्या पुढे भर उन्हात, एक जुना पण छान दिसणारा टायर सालीसारखा सोलला गेला आणि त्या पट्ट्याने मागच्या मडगार्डला असा काही फटका दिला की मी गाडीतून उतरून आधी मागे कोणी धडकलं का तेच बघितलं. चूक सगळी माझी, स्वस्त मिळाले म्हणून वर्ष बघितलंच नव्हतं.

चाक मोठं झालं की स्पीडोमीटर खोटं बोलणार. तुझ्या जुन्या सव्वासव्वीस-साडेसव्वीस इंची चाकाऐवजी तीस इंची आलं की काटा ६० दाखवेल तेव्हा तू ६७-६८ ने पळत असशील. पोलिसाला हे गणित सांगून उपयोग नाही, मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून बघ आणि फरक लक्षात ठेव.

उंची दोन इंच, जास्त नाही. पुढे कॉइल स्प्रिंगखाली दोन इंची स्पेसर, मागे स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि ॲक्सलच्या मधे ब्लॉक. मागचे यू-बोल्ट, जे पाट्या आणि ॲक्सल एकत्र आवळून धरतात, ते मात्र नवीनच घे, जुने एकदा ताणलेले असतात, परत आवळले की धरत नाहीत. आणि ब्लॉकवर ब्लॉक चढवायचा नाही, कोणी कितीही सांगू दे. शॉकअपही थोडे लांब लागतील, नाहीतर गाडी उडाली की स्प्रिंगच्या आधी शॉकअपच ताणून थांबेल. आणि ब्रेकचा रबरी पाइप बघ, चाक हवेत लोंबकळलं की तो ताणला जात नाही ना.

आता आय-बीमची गंमत. दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवरून आडवे धर, डावा पंजा उजवीकडे, उजवा डावीकडे. ट्विन आय-बीम तसंच असतं, डाव्या चाकाचा दांडा गाडीच्या उजव्या बाजूला बिजागरीवर असतो आणि उजव्याचा डाव्या बाजूला. आता खांदे वर कर, पंजे खाली आणि आत जातात ना? गाडी वर उचलली की चाकांचं तेच होतं, खालची बाजू आत, वरची बाहेर, फेंगडा पहिलवान उभा राहिल्यासारखं. लुक म्हणून ते लोकांना आवडतं, पण टायर बाहेरच्या काठाने दोन-चार महिन्यांत गुळगुळीत होतो. म्हणून वरच्या बॉल जॉइंटला कॅम्बरचे, म्हणजे चाकाचा हा तिरपेपणा सरळ करणारे, बुश बसवून घ्यायचे, वीस-तीस डॉलरला एक, आणि लगेच अलाइनमेंट. दोन इंचापर्यंत ते बुश सांभाळून घेतात, त्याच्या पुढे दांड्यांचे ब्रॅकेट खाली उतरवावे लागतात आणि तिथे तुझे दीड हजार संपले. त्याच वेळी रेडिअस आर्मचे, म्हणजे त्या दांड्यांना मागे फ्रेमशी जोडणाऱ्या आर्मचे, बुश बघून घे, या वयाच्या गाडीत ते भुग्यासारखे झालेले असतात, ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढते ते बरेचदा याच्यामुळे. चाक चढवून झालं की स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरव, रेडिअस आर्मला घासतंय का, बंपरच्या कोपऱ्याला लागतंय का. बंपरचा कोपरा कापता येतो, आर्म कापायचा नसतो.

फुगलेले मडगार्ड. ते फायबरचे असतात आणि फुगलेले अशासाठी की रेसच्या गाडीत चाक वर आलं की बाहेरही येतं, त्याला जागा लागते. तुझं चाक तेवढं हलणारच नाही, त्यामुळे मी म्हणेन आत्ता नको. पुढचे दोन नटबोल्टवर बसतात ते सोपं, पण मग मागचा हौदा पुढच्यापेक्षा अरुंद दिसतो, आणि हौद्याच्या बाजू बदलायच्या म्हणजे पत्र्याचे वेल्ड फोडायचे, तो घरच्या घरी शिकायचा धंदा नाही. तरी हट्टच असेल आणि कोणाकडे जुने मिळाले तर भोक पाडताना वर मास्किंग टेप लाव म्हणजे कड चिरत नाही, मोठा वायसर टाक, आणि बोल्ट बोटाने लागतो त्याच्यापुढे जेमतेम अर्धा वेढा. घासताना मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि नंतर थंड पाण्याने आंघोळ. ती धूळ कातडीत रुतून बसली की मग खाजकुइली परवडली. मी एकदा ते कपडे घरच्यांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले होते. त्या आठवड्याबद्दल आमच्या घरी अजून कोणी बोलत नाही.

लाइट. बंपरवर दोन गोल, जुन्या पद्धतीचे, रिले आणि फ्यूज टाकून, हेडलाइटच्या वायरला चिकटवायचे नाहीत. कॅलिफोर्नियात असे ऑफ-रोड दिवे जास्तीत जास्त आठ चालतात, वायरिंग वेगळी लागते आणि रस्त्यावर ते बंद करून उजेड आरपार न जाणाऱ्या झाकणाने झाकलेले पाहिजेत. लोकांना वाटतं झाकणं म्हणजे कटकट, अरे पण त्या जुन्या बाजाच्या गाड्यांचे फोटो डोळ्यापुढे आण, अर्धा थाट त्या झाकणांचाच आहे. शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर नसावा हाही इथला कायदा, जीपची चाकं आत राहतात म्हणून तोही प्रश्न मिटला. एअर फिल्टर, सायलेन्सर, कॅटलिस्टला हात लावू नको, दर दोन वर्षांनी स्मॉगची, म्हणजे धुराची, तपासणी आहे आणि तिथे थाट चालत नाही.

स्टेपनी हौद्यातच टाक, दोन नको, एक बास. पाचवं चाक पुढच्या भिंतीला टेकवून आडवं ठेव, त्याच्या मधल्या भोकातून पाऊण इंची आट्यांचा रॉड हौद्याच्या तळातून खाली घाल, खाली जाड पट्टी, वर आडवी पट्टी, त्यावर नट आणि त्याच्यापुढे अजून एक नट. वीस डॉलरचं काम. नुसत्या पट्ट्याने बांधलेली स्टेपनी मी फ्रीवेवर उडताना पाहिलीय, पंचवीस-तीस किलोचा बॉम्ब असतो तो.

उरलेल्यात रंग. बंपर, पत्र्याची खालची कडा, हौदा, एवढ्याला ब्रशने लावायचा बेडलायनर, म्हणजे हौद्याला लावतात तो जाड खरखरीत रंग, आणि वर बाजूने तीन पट्टे, पिवळा, केशरी, विटकरी, व्हिनाइलचे. पट्टे लावताना पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून पत्रा ओला कर म्हणजे सरकवता येतात. माझ्या हिशोबाने चाकं ४५०, स्पेसर-ब्लॉक-यू-बोल्ट १७०, शॉकअप २००, बुश आणि अलाइनमेंट २००, दिवे ८०, रंग-पट्टे १३०, रॉड २०. अडीचशे उरतात ते बॉल जॉइंट आणि ब्रेकला ठेव, लागणारच. आणि प्लास्टर सिटी नाहीतर ओकोटियो वेल्सला, म्हणजे इथल्या गाड्या पळवायच्या मोकळ्या वाळवंटात, गेलास तर वाळूत टायरची हवा १८ वर आण, परत यायच्या आधी भरायला छोटा कॉम्प्रेसर उसना घे. रूममेटलाही ने, ढकलायला.

प्रश्न : आमच्या ह्यांनी टूसॉनला २००६ ची टोयोटा टॅकोमा घेतली. मागे प्रीरनर लिहिलंय, त्यामुळे हे सगळ्यांना रेसची गाडी म्हणून सांगत सुटलेत. खरं का?

उत्तर : वहिनी, नाव खरं, रेस खोटी. टोयोटाने १९९८ पासून ते नाव एका टू व्हील मॉडेलला दिलं, उंची मात्र फोर बाय फोरवाल्या गाडीची. त्यामुळे तुम्हाला लिफ्ट वगैरेवर काही खर्चायचं नाही, चांगले ऑल-टेरेन टायर टाका, झालं. फक्त एकदा डॅशबोर्डवर आरआर डिफ लॉक असं बटण आहे का बघा. असलं तर मागची दोन्ही चाकं एकत्र बांधता येतात आणि वाळूत टू व्हील गाडीला त्याचा फार फायदा होतो. नसलं तर ह्यांना काही बोलू नका, सांगू दे लोकांना.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे. अमेरिकेतल्या या गाड्यांसारखा बंपर, टपावर लाइटबार आणि रुंद मडगार्ड करायचे आहेत. किती खर्च येईल?

उत्तर : दादा, खर्चाच्या आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की आरसीवर कंपनीने दिलेलं जे मूळ स्वरूप आहे ते बदलायचं नाही. पुढचे लोखंडी गार्ड तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंद करायला सांगितलेत, धडक बसली की एअरबॅगचं गणित बिघडतं आणि समोरच्या पादचाऱ्याचा जीव जातो. त्यामुळे वर लिहिलेलं बहुतेक तुम्हाला चालणार नाही. तुमची गाडी मुळातच उंच आहे. कंपनीच्याच मापातले ऑल-टेरेन टायर घ्या, क्रोम काळं करून घ्या, बाजूने पट्टे मारा, पण पूर्ण रंग बदललात तर आरसीवर नोंद करावी लागते. आणि हौद्यात स्टेपनी ठेवलीत तर ती वरच्यासारखीच रॉडने बांधा, कसारा घाटात ती सुटली तर मागच्या माणसाला तुमचा लुक बघायला वेळ मिळणार नाही.